'वायरल'च तर आहे ना?... थांबा, तुम्ही दोघं आहात!

ऑफिसात कुणी शिंकलं की आपण टिश्यूचा बॉक्स पुढे सरकवतो आणि पुन्हा मॉनिटरमध्ये डोकं घालतो. पण शिंकणारी मैत्रीण गरोदर असेल तर? घाबरून जायचं कारण नाही, पण अंगावर काढायचंही कारण नाही. कधी नुसत्या वाफेवर भागतं, कधी लगेच डॉक्टरांना फोन करायचा आणि बाळंतपणाला माहेरी निघताना बॅगेत काय काय हवं... सगळं एकाच ठिकाणी!

समजा, गुरुवारची संध्याकाळ आहे. हिंजवडीतलं ऑफिस, एसी नेहमीसारखा फुल्ल. तुमच्या शेजारच्या डेस्कवरची 'ती' सातव्या महिन्यात आहे. डोहाळजेवण झालं, फोटो सगळ्या ग्रुपवर फिरून झाले. शनिवारी रात्रीच्या ट्रॅव्हल्सचं तिकीटही काढून ठेवलंय... पुणे ते कारंजा. वाशिम जिल्ह्यातलं, गुरुमंदिराचं कारंजा. तिथे बाबा घ्यायला येणार आणि मग कामरगाव. माहेर! पहिलं बाळंतपण माहेरीच, हे दोन्ही घरांनी केव्हाच ठरवून टाकलंय.

सकाळपासून तिचा घसा दुखतोय. दुपारी अंग मोडून आलं. आता कपाळ तापलंय. टीम लीड विचारतो, "बरी आहेस ना?" ती म्हणते, "काही नाही रे, वायरल आहे. हँडओव्हर संपवते आणि निघते." तेवढ्यात आईचा फोन. "सर्दीच त हाये बाई. हयदीचं दूध पे अन् झोप. परवा इकडं आली का मी हावोच."

तिघंही प्रेमानंच बोलताहेत. पण तिघंही एकच चूक करताहेत. 'वायरल' या एका शब्दाखाली आपण साधी सर्दी, फ्लू आणि कोविड असं सगळं एकाच कपाटात कोंबतो. एरवी चालून जातं. पण या नऊ महिन्यांत ते कपाट उघडून नीट बघावं लागतं. कारण साध्या सर्दीने बाळाचं काही बिघडत नाही. जोरदार फ्लूने मात्र बाळाची तारीखच बदलू शकते.

आत नेमकं काय होतं?

पोट वाढतं तसा फुप्फुसांखालचा पडदा सुमारे चार सेंटिमीटर वर सरकतो. ऑक्सिजनची गरज मात्र एक पंचमांशाने वाढलेली असते. हृदयाचं काम वाढतं. शरीराची प्रतिकारशक्ती बंद पडत नाही, पण तिची काम करण्याची पद्धत बदलते, कारण तिला पोटातल्या बाळाला 'परका' न मानता सांभाळून घ्यायचं असतं. थोडक्यात, गाडी आधीच चौथ्या मजल्याच्या पार्किंगचा चढ चढतेय. त्यात न्यूमोनिया झाला तर इंजिनावर किती ताण येईल, याचा अंदाज तुम्हीच करा.

मग दिवस भरायच्या आधी बाळंतपण का होतं? फ्लूचा विषाणू बहुतेक वेळा वार ओलांडून बाळापर्यंत पोचतच नाही. गडबड होते ती आईच्या शरीरात पेटलेल्या लढाईमुळे. जोराचा ताप आणि सूज निर्माण करणारी रसायनं मिळून प्रोस्टाग्लँडिन नावाचे पदार्थ वाढवतात. हेच पदार्थ प्रसूतीच्या वेळी गर्भाशयाचं तोंड मऊ करतात, कळा आणतात. म्हणजे 'अलार्म' वेळेआधीच वाजतो. दुसरं कारण म्हणजे आईचा ऑक्सिजन खाली गेला की बाळाचाही पुरवठा कमी होतो. आणि तिसरं कारण आपल्या लक्षातच येत नाही... कधी कधी आईचा जीव वाचवण्यासाठी डॉक्टरच बाळाला लवकर बाहेर काढायचा निर्णय घेतात.

शेवटच्या पाळीपासून मोजलं तर पूर्ण दिवस म्हणजे साधारण ४० आठवडे. ३७ आठवडे पूर्ण व्हायच्या आधी जन्मलेलं बाळ 'अपुऱ्या दिवसांचं'. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० मध्ये जगात अशी सुमारे १ कोटी ३४ लाख बाळं जन्मली. त्यातली ३० लाखांहून जास्त आपल्या देशातली. जगातला सगळ्यात मोठा आकडा! याची कारणं अनेक असतात... जुळी बाळं, वाढलेलं ब्लडप्रेशर, लघवीच्या जागेचं इन्फेक्शन. कित्येकदा कारण सापडतच नाही. पण श्वसनाचं इन्फेक्शन हे असं कारण आहे की त्याबाबत आपल्या हातात बरंच काही असतं. म्हणूनच हा लेखप्रपंच.

नायरची नोंदवही

"हे सगळं परदेशातलं असेल," असं वाटतंय? मग मुंबई सेंट्रलला चला. २०२० च्या एप्रिलमध्ये महापालिकेचं नायर रुग्णालय कोविडसाठी राखून ठेवलं गेलं आणि कोविड झालेल्या गरोदर बायका तिथे येऊ लागल्या. नायरचे डॉक्टर आणि परळची राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्था यांनी मिळून एक नोंदवही सुरू केली. नाव 'प्रेगकोविड'. पुढे त्यात राज्यातली १९ वैद्यकीय महाविद्यालयं सामील झाली.

मार्च २०२० ते जानेवारी २०२१ या पहिल्या लाटेत या नोंदवहीत ४२०३ गरोदर स्त्रिया नोंदल्या गेल्या. त्यातल्या जेमतेम १३ टक्क्यांना लक्षणं होती. गुंतागुंतींमध्ये पहिला नंबर कशाचा होता? अपुऱ्या दिवसांच्या बाळंतपणाचा! ५२८ जणी, म्हणजे १६.३ टक्के. दुसऱ्या नंबरवर ब्लडप्रेशरच्या तक्रारी. २०२० मध्ये देशाचं एकूण प्रमाण १३ टक्क्यांच्या आसपास होतं. आता हा सगळा फरक कोविडच्याच खात्यावर टाकता येणार नाही, कारण सरकारी मेडिकल कॉलेजात मुळात अवघड केसेसच जास्त येतात. पण त्याच सुमारास आपल्यासह १८ देशांत एक मोठा अभ्यास झाला. त्यात कोविड झालेल्या आणि न झालेल्या गरोदर स्त्रियांची एकाच वेळी, एकाच ठिकाणी तुलना केली होती. कोविड झालेल्यांत लवकर बाळंत होण्याचं प्रमाण जवळजवळ दीडपटीहून जास्त निघालं.

मग आली दुसरी लाट. आणि ती आधी कुठे जाणवली, आठवतंय? वऱ्हाडात! २०२१ च्या फेब्रुवारीत अमरावतीत पेशंट वाढले आणि २२ तारखेपासून तिथे लॉकडाउन लागला. त्याच आठवड्यात वाशिम जिल्ह्यात, रिसोड तालुक्यातल्या देगावच्या निवासी शाळेत दोनशेहून जास्त मुलं पॉझिटिव्ह निघाली. कामरगाव या दोन बातम्यांच्या मधोमध! पुण्यामुंबईच्या मुली "गावाकडे सेफ असतं" म्हणून माहेरी जातात. विषाणूला मात्र शहर आणि गाव यातला फरक कळत नाही, हे त्या फेब्रुवारीने दाखवून दिलं.

नायरमधल्या १५३० गरोदर आणि बाळंतिणींच्या नोंदी सांगतात की पहिल्या लाटेत १४.२ टक्के जणींना लक्षणं होती, दुसऱ्या लाटेत २८.७ टक्के. मृत्यूचं प्रमाण ०.७ वरून ५.७ टक्क्यांवर गेलं. आणि गरोदर स्त्रियांना लस देण्याचा निर्णय केंद्र सरकारने जाहीर केला तो २ जुलै २०२१ रोजी. म्हणजे लाट ओसरल्यावर! ज्यांना सगळ्यात जास्त गरज होती, त्या रांगेत शेवटी उभ्या राहिल्या.

आज कोविडचा तो जोर राहिलेला नाही. पण धडा जुनाच आहे. १९१८ च्या तापाच्या साथीने वऱ्हाड आणि मध्य प्रांत अक्षरशः झोडपून काढला होता. त्या साथीत अमेरिकेत १३५० आजारी गरोदर स्त्रियांच्या नोंदी गोळा केल्या, तेव्हा त्यातल्या २७ टक्के दगावल्याचं दिसलं. २००९ च्या स्वाइन फ्लूत अमेरिकेच्या लोकसंख्येत गरोदर स्त्रिया होत्या फक्त एक टक्का, पण मृतांमध्ये पाच टक्के. आपल्याकडे तर पुण्यातल्या शाळा आणि मल्टिप्लेक्स बंद पडले होते, स्कूटीवरच्या स्कार्फला अचानक मेडिकल दर्जा मिळाला होता... आठवतंय ना? विषाणू दर वेळी वेगळा. जोखीम तीच.

सर्दी की फ्लू?

आता लगेच टेन्शन घेऊ नका. नाक गळतंय, शिंका येताहेत, घसा खवखवतोय, पण ताप नाही आणि भूक बऱ्यापैकी आहे... ही सर्दी. वाफ, गरम पाणी, मिठाच्या गुळण्या, झोप. आईचं हळदीचं दूधही चालेल की! दोनचार दिवसांत गाडी रुळावर येते. नऊ महिन्यांत एकदोन सर्द्या कुणाला होत नाहीत?

फ्लू मात्र दार वाजवून येत नाही, दार तोडून येतो. सकाळी ठीक असलेली व्यक्ती संध्याकाळी अंथरुणात. ताप एकदम चढतो. अंग असं दुखतं की केससुद्धा दुखल्यासारखे वाटतात. कोरडा खोकला, थंडी, गळून गेल्यासारखं. गरोदरपणात असा ताप आला तर 'दोन दिवस बघू' हे वाक्य डिक्शनरीतून काढून टाका. बाकीच्यांनी दोन दिवस बघितलेलं चालतं, तिने नाही.

कारण फ्लूवरचं ओसेल्टामिव्हिर हे औषध पहिल्या ४८ तासांत सुरू केलं तर सगळ्यात छान काम करतं. आपल्या केंद्र सरकारच्या स्वाइन फ्लूच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये पेशंटचे अ, ब, क असे गट आहेत. गरोदर स्त्री थेट 'ब' गटाच्या त्या भागात येते, जिथे टेस्टच्या रिपोर्टची वाट न बघता औषध सुरू करायला सांगितलंय. अर्थात औषध डॉक्टरांनीच द्यायचं. मेडिकलवाल्या काकांनी नाही आणि गेल्या वर्षीच्या उरलेल्या पट्टीतूनही नाही.

तापासाठी पॅरासिटामॉल, तेही डॉक्टरांना विचारून. पण डोकं दुखलं की ड्रॉवरमधून जी गोळी सहज काढतो, तिच्या पाकिटावर बारीक अक्षरात 'आयबुप्रोफेन' लिहिलंय का बघा. विसाव्या आठवड्यानंतर ती गोळी टाळायची असते. बाळाच्या किडनीवर आणि गर्भजलावर तिचा परिणाम होऊ शकतो.

एक टोचणी, दोघांना कवच

"गरोदरपणात लस? नको बाई!" ही पहिली प्रतिक्रिया. धनुर्वाताची घेतोच की आपण! फ्लूची इंजेक्शनची लस मृत विषाणूंची असते, तिने फ्लू होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१२ मध्ये फ्लूच्या लसीसाठी गरोदर स्त्रियांना पहिला नंबर दिला होता. महाराष्ट्र सरकारनेही २०१५ मध्ये दुसऱ्या आणि तिसऱ्या तिमाहीतल्या स्त्रियांना ही लस मोफत द्यायला सुरुवात केली. नाकात मारायचा स्प्रे मात्र जिवंत विषाणूंचा असतो, तो या काळात घ्यायचा नाही.

यातली सगळ्यात सुंदर गोष्ट पुढेच आहे. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला फ्लूची लस देता येत नाही. पण आईने घेतली तर तिच्या अँटिबॉडीज वारेतून बाळाकडे जातात. बांगलादेशात ढाक्याला ३४० मातांवर झालेल्या आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, लस घेतलेल्या आयांच्या बाळांना पहिल्या सहा महिन्यांत फ्लू होण्याचं प्रमाण ६३ टक्क्यांनी कमी दिसलं. बारशाआधीच बाळाला मिळालेलं गिफ्ट!

लस अंगी लागायला साधारण दोन आठवडे लागतात. आपल्याकडे फ्लू पावसाळ्यात जोर धरतो, हिवाळ्याच्या शेवटीही डोकं वर काढतो. त्यामुळे कॅलेंडर काढा, माहेरी जायच्या तारखेतून पंधरा दिवस वजा करा आणि त्याआधीच्या व्हिजिटला डॉक्टरांना स्वतःहून विचारा. त्यांनी विषय काढायची वाट बघू नका.

चला माहेरी... पण प्लॅन करून!

माहेरच्या बाळंतपणाची मजा कोणत्याही फाइव्ह स्टार मॅटर्निटी पॅकेजमध्ये नाही. डिंकाचे लाडू, शेकशेगडी, आईच्या हातचं वरणभात. ते सोडायला कुणीच सांगत नाहीये. फक्त ताप असताना ट्रॅव्हल्समध्ये चढायचं नाही. बंद काचा, एसी, रात्रभराचा प्रवास आणि मधे कुठे कळा सुरू झाल्या तर जवळ कोणतं गाव आहे हेही माहीत नाही! तिकीट कॅन्सल होतं, पैसे बुडतात. बुडू द्या.

आणि पोचल्यावर? कामरगावसारख्या गावात तपासणी, इंजेक्शनं, सरळ बाळंतपण यांची सोय जवळपास होते. पण ३२ व्या आठवड्यात कळा सुरू झाल्या तर प्रश्न बाळंतपणाचा नसतो, नंतरच्या बाळाचा असतो. त्याला नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग लागतो. त्यासाठी अमरावती, अकोला किंवा वाशिमकडे निघावं लागतं. अमरावतीचं डफरिन आणि अकोल्याचं लेडी हार्डिंग ही स्त्री रुग्णालयं पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहेत. वाशिम आणि अमरावतीला २०२४ मध्ये सरकारी मेडिकल कॉलेजंही सुरू झाली. यातलं आपलं कोणतं, तिथे आज बाळाची कोणती सोय आहे, हे रात्री दोन वाजता ठरवायचं नसतं. पोचल्याच्या पहिल्या आठवड्यात बाबांना सोबत घेऊन ठरवून टाका. गावातल्या आशाताईंकडे नाव नोंदवा. गरोदर मातांसाठी १०२ आणि इमर्जन्सीला १०८, हे दोन्ही नंबर आईच्या फोनमध्येही सेव्ह करा.

बाळ लवकर आलंच तर...

घराघरात एक वाक्य ऐकू येतं... "सातव्या महिन्याचं जगतं, आठव्याचं जगत नाही." साफ चूक! बाळ पोटात जितके जास्त दिवस राहील तितकं बरं, एवढा एकच साधा हिशोब आहे. या गैरसमजापायी आठव्या महिन्यातल्या बाळासाठी धावपळच करायची नाही, असं कुणी ठरवू नये.

आज हाताशी बरंच काही आहे. वेळेआधी कळा सुरू झाल्या आणि वेळेत पोचलात, तर डॉक्टर आईला स्टेरॉइडची इंजेक्शनं देऊ शकतात. त्याने बाळाची फुप्फुसं लवकर तयार होतात. म्हणून एकेक तास मोलाचा. जन्मानंतर नुसती काचेची पेटी नाही, तर आईची छातीही औषध असते. बाळाला उघड्या अंगाने आईच्या छातीशी बांधून ठेवायची 'कांगारू' पद्धत. भारतासह पाच देशांत झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, जन्मल्याबरोबर हे सुरू केलं तर कमी वजनाच्या बाळांचे मृत्यू २५ टक्क्यांनी कमी झाले. बाबांनाही हे करता येतं बरं का! आणि आईचं दूध पुरेसं नसेल तर दुग्धपेढ्या आहेत. आशियातली पहिली दुग्धपेढी १९८९ मध्ये मुंबईच्या सायन रुग्णालयातच सुरू झाली होती.

चेकलिस्ट : फ्रिजवर लावून ठेवा

*लगेच दवाखाना :*
- धाप लागणं, छातीत दुखणं, ओठ निळसर दिसणं
- बोटावरच्या ऑक्सिमीटरवर ९५ पेक्षा कमी आकडा
- गोळी घेऊनही न उतरणारा ताप, ग्लानी, लघवी कमी होणं
- ३७ आठवड्यांआधी थांबून थांबून पण ठरावीक अंतराने पोट कडक होणं, कंबर सतत दुखणं, ओटीपोटात खाली दाब वाटणं
- अंगावरून पाणी किंवा रक्त जाणं
- बाळाची हालचाल कमी वाटणं

*माहेरच्या बॅगेत :*
- सगळ्या रिपोर्टची फाइल, शिवाय मोबाइलमध्ये फोटो
- पुण्याच्या डॉक्टरांचा नंबर आणि गावाकडच्या डॉक्टरांसाठी त्यांची चिठ्ठी
- थर्मामीटर, ऑक्सिमीटर, मास्क
- रक्तगटाचं कार्ड

*ऑफिससाठी :*
- कायद्याने २०१७ पासून पहिल्या दोन बाळांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते. त्यातले जास्तीत जास्त ८ आठवडे बाळंतपणाआधी घेता येतात.
- बाळ अपुऱ्या दिवसांचं झालं आणि त्यामुळे आई आजारी पडली, तर डॉक्टरांच्या सर्टिफिकेटवर आणखी एक महिन्यापर्यंत पगारी रजेची तरतूद आहे. एचआरला जरूर विचारा.

आणि शेजारच्या डेस्कवाल्यांनो...

आपल्याकडे रजा 'बाळासाठी वाचवायची' म्हणून मुली शेवटच्या दिवसापर्यंत ऑफिसात येतात. ताप असला तरी येतात. आणि आपणही शिंकत, खोकत, "डेडलाइन आहे यार" म्हणत त्यांच्या शेजारी बसतो. तिला इन्फेक्शन बहुतेकदा असंच कुणाकडून तरी मिळतं... तुमच्याकडून, माझ्याकडून, किंवा घरी परतलेल्या नवऱ्याकडून. त्यामुळे खोकला असेल तर घरून काम करा, नाही जमलं तर मास्क लावा. घरातल्या सगळ्यांनी फ्लूची लस घेतली तर उत्तमच.

आता पुन्हा त्या गुरुवारकडे येऊ. तिचं कपाळ तापलंय, हँडओव्हरची फाइल अर्धी आहे. टीम लीडने एवढंच म्हणायचं, "फाइल मी बघतो, तू आत्ता डॉक्टरांकडे जा." नवऱ्याने शनिवारचं तिकीट पुढे ढकलायचं. आणि आईला फोन करून सांगायचं, "आई, आठवडाभर उशिरा येतेय. हळदीचं दूध तयार ठेव."

कामरगाव कुठे पळून जात नाही. लाडवांचा डबाही नाही. बाळालाही पोटातून बाहेर यायची एवढी घाई करू देऊ नका!